भाडं चालतं, मग मत का नको?

पुण्याच्या पेठांमधल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभासदांना आणि घरमालकांना खुले पत्र

आदरणीय काका-काकू, आजी-आजोबा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या भागातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाने मला प्राप्तिकराच्या नव्या रचनेवर बोलायला बोलावलं होतं. बोलणं झालं, शंका-समाधान झालं आणि चहा येण्याआधी एका सभासदांनी ठराव मांडला. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या, कर न भरणाऱ्या मुलांची नावं आपल्या प्रभागाच्या मतदारयादीत घेऊ नयेत, असं पत्र निवडणूक कार्यालयाला द्यावं, असा तो ठराव. बरेच हात वर झाले. पुढच्या सभेत मसुदा वाचून तो मंजूर व्हायचा आहे. पाहुणी म्हणून गेलेल्या माणसाने तिथे वाद घालणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी निघाले. पण त्यानंतर हेच बोलणं नारायण पेठेत ऐकलं, नवी पेठेत ऐकलं, माझ्या स्वतःच्या ऑफिसात ऐकलं. त्यामुळे हे पत्र एका संघाला न लिहिता सगळ्यांनाच लिहिते आहे.

मी कर सल्लागार आहे. तुमच्यापैकी कित्येकांची विवरणपत्रं मी भरते, मिळकतकराचे अर्ज भरून देते. आणि त्याच टेबलावर भाडेकरारही नोंदवते. समोरच्या खुर्चीवर कधी तुम्ही असता, कधी तुमचा भाडेकरू. दोघांचेही कागद माझ्या हातून जातात. त्या कागदांच्या आधारावर सांगते, हा ठराव अन्यायाचा आहे. आणि ही मुलं मतदारयादीत नाहीत, याचं एक मोठं कारण तुमच्या घरांमध्येच आहे.

आधी कराचं बोलू, कारण सभेत सगळ्यात जोरात तेच बोललं गेलं. ‘आम्ही जन्मभर कर भरला, यांनी काय भरलं?’

परभणीकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. वडिलांनी जमिनीचा तुकडा विकला होता, त्यावर काही कर बसतो का हे त्याला विचारायचं होतं. त्याच्या फाइलमध्ये क्लासची पावती होती. फी ६०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,८०० रुपये. त्याच आठवड्यात मी शनिवार पेठेतल्या एका काकांचा दोन खोल्यांचा मिळकतकर ऑनलाइन भरला. वर्षाचं ते बिल या १०,८०० पेक्षा कमी होतं. काकांना पावती मिळते, ती ते कपाटात जपून ठेवतात, आणि ठेवावीच. मुलाचा कर क्लासच्या पावतीत खालच्या ओळीत असतो, मोबाइलच्या रिचार्जमध्ये असतो, पेट्रोलच्या व्हॅटमध्ये असतो. तो कुठल्याही रजिस्टरमध्ये त्याच्या नावावर पडत नाही, पण सरकारच्या तिजोरीत मात्र पडतो.

प्राप्तिकराचं तर उलटच आहे. २०२५-२६ पासून नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. पेन्शन आणि ठेवींचं व्याज एवढंच उत्पन्न असलेले माझ्याकडचे बहुतेक ज्येष्ठ आता एक रुपयाही प्राप्तिकर देत नाहीत. व्यवसायकर पासष्टी ओलांडली की माफ आहे. महिना १५,००० रुपये पगारावर पहिल्यांदा चिकटलेल्या मुलाच्या पगारातून मात्र तो दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असा वर्षाला २,५०० रुपये कापला जातो. तुम्हाला मिळणाऱ्या सवलतींबद्दल माझी काही तक्रार नाही. वय झालेल्या माणसाला त्या मिळायलाच हव्यात. पण ‘कर भरेल त्यालाच मत’ हा नियम उद्या कोणी खरोखर लावला, तर यादीतून पहिली नावं कोणाची जातील, याचा विचार ठरावावर सही करण्याआधी करा.

कर, मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटी लावून मत द्यायची पद्धत या देशात होती. ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हा बहुसंख्य प्रौढ माणसांना मत नव्हतं. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने ते सगळं मोडीत काढलं, आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत ज्यांच्या नावावर काहीही नव्हतं त्यांनीही मत दिलं. तुमच्या आई-वडिलांपैकी अनेकांचं पहिलं मत तेच असेल. १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. आज साठीकडे झुकलेल्या आणि संघाच्या दारात उभ्या असलेल्या पिढीने त्याचा फायदा घेतला आहे. ही दारं उघडत आली आहेत. आपल्या पुण्यातून ती बंद करा असं पत्र जावं, हे मला सहन होत नाही.

आणि पुण्यातून तर याच्या अगदी उलट पत्र गेलेलं आहे. पुणे नगरपालिकेचे सभासद राहिलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि तो खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यातला मुद्दा होता. कर खरा कोणाच्या घामातून येतो, हा प्रश्न गंज पेठेतल्या माणसाने तेव्हाच विचारून ठेवला आहे. जमीन विकून क्लासची फी आणि त्यावरचा जीएसटी भरणारा परभणीचा मुलगा समोर बसला होता तेव्हा मला तेच आठवत होतं.

आता नोकरीचं. ‘आम्ही मिळेल ती नोकरी धरली, ही पोरं तिशीपर्यंत अभ्यासिकेत बसून राहतात’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

तुम्ही धरलेल्या नोकरीला पेन्शन होती. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत आलेल्यांना ती जुनी पेन्शन लागू राहिली नाही. बँकेत, पोस्टात, एसटीत, शाळेत एकदा चिकटलं की माणूस सुटला, असं तेव्हा म्हणता येत होतं. २०२३ च्या सप्टेंबरात याच राज्यात नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी पदं कंत्राटी पद्धतीने भरण्याचा शासन निर्णय निघाला होता. मुलं रस्त्यावर आली, ओरडली, आणि ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. त्याच वर्षी तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० आणि राखीव प्रवर्गाला ९००. सगळ्यांनी कमी शुल्कच भरलं असं धरलं तरी ९० कोटींच्या वर रक्कम होते, आणि ती ज्यांना नोकरी नाही त्यांनी भरली आहे. खुल्या प्रवर्गाला राज्यसेवेसाठी वयाची अट ३८ आहे. तिशीतला मुलगा अभ्यासिकेत बसलेला दिसतो, कारण सरकारनेच त्याला अजून दार उघडं आहे असं सांगितलेलं आहे.

२०२१ च्या मार्चमध्ये शास्त्री रस्ता मुलांनी भरून गेला होता, ते तुम्हाला आठवत असेल. राज्यसेवेची १४ मार्चची पूर्वपरीक्षा अवघी तीन दिवस आधी पुढे ढकलली होती. वाहतूक अडली म्हणून तेव्हा आपल्याकडे फार चिडचिड झाली. मला त्या संध्याकाळचं एवढंच लक्षात आहे की ऑफिसच्या जिन्यावर दोन मुली पाणी प्यायला थांबल्या होत्या. त्यातली एक फोनवर आईला सांगत होती की परीक्षा चांगली गेली की कळवीन. परीक्षा पुढे गेली हे तिला घरी सांगवत नव्हतं. घरच्यांनी आणखी महिनाभराचे पैसे पाठवायचे कुठून, हा प्रश्न तिला माहीत होता.

निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करा ही कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबात वडील त्या मागणीसाठी सह्या गोळा करतात आणि मुलगा जागा कधी निघते याची वाट बघतो. दोघांचंही म्हणणं मला पटतं. वडिलांवर घराचं कर्ज आहे, मुलाचं वय चाललं आहे. हे भांडण त्या दोघांचं नाहीच. रिक्त पदं वेळच्या वेळी भरली असती तर एकाच ताटावर बसलेल्या बाप-लेकांना एकमेकांच्या घासाकडे बघावं लागलं नसतं.

आता मी मूळ मुद्द्यावर येते, आणि तो थोडा कडू आहे.

मतदारयादीत नाव घालायला नमुना ६ भरावा लागतो. त्याला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. आधार गावचं असतं, वीजबिल आणि गॅसचं पुस्तक घरमालकाच्या नावावर असतं. भाड्याने राहणाऱ्याकडे बहुतेकदा उरतो तो नोंदणीकृत भाडेकरार. वसतिगृहात राहून मान्यताप्राप्त अभ्यासक्रम शिकणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थाप्रमुखाच्या प्रमाणपत्रावर इथे नाव नोंदवता येतं. पण खासगी क्लासला जाणाऱ्या आणि अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला असं प्रमाणपत्र देणार कोण? कागदच नसेल तर निवडणुकीचा कर्मचारी घरी येऊन खात्री करू शकतो. मात्र तो आल्यावर दार तुम्ही उघडता.

आणि करार पेठांमध्ये किती घरमालक करून देतात? जे करतात त्यांना माझा मनापासून नमस्कार. पण बरेच जण करत नाहीत. एका खोलीत चार कॉट, चौघांकडून रोख भाडं, पावती नाही. कोणी विचारायला आलं तर ‘भाचा आहे, शिकायला आलाय’ असं सांगायचं. मुलालाही तेच शिकवून ठेवायचं. नांदेडच्या एका मुलाने मला सांगितलं की तो तीन वर्षं एका घरात भाचा होता. शेवटी अनामत रक्कम परत मागायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे तिथे राहिल्याचा एकही कागद नव्हता. त्याची अनामत बुडाली. त्या घराचा पत्ता मला माहीत आहे. त्या घरातलं माणूस त्या दिवशी सभेत हात वर करून बसलं होतं.

करार टाळण्यामागे काय आहे, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. १९७० पासूनची ही सवलत मध्यंतरी गेली होती. पुणेकरांनी आवाज उठवला आणि २०२३ मध्ये ती परत मिळाली. त्यासाठी पीटी-३ अर्ज भरून, घरात आपण स्वतः राहतो असं लिहून द्यावं लागतं. भाडेकरार नोंदवला की ही सवलत जाईल अशी धास्ती असते. दुसरी घरं भाड्याने देऊन त्यांवरही ही सवलत घेणारे आहेत, हे मी नावं न घेता सांगते. मिळकतकरात सवलत घेण्यासाठी मुलाला भाचा करायचं, आणि मग तोच कर भरत नाही म्हणून त्याचं मत काढून घ्या असं म्हणायचं, हे कोणत्या न्यायात बसतं?

भाड्याचं उत्पन्न दाखवलं की प्राप्तिकर बसेल, ही दुसरी भीती. ती बऱ्याच जणांच्या बाबतीत आता उरलेलीच नाही. समजा महिना २०,००० रुपये भाडं आहे. वर्षाचे २,४०,००० झाले. त्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. म्हणजे करपात्र धरली जाणारी रक्कम १,६८,००० च्याही खाली येते. पेन्शन आणि व्याज धरून ५-६ लाख असतील तरी तुम्ही १२ लाखांच्या पुष्कळ आत राहता. नव्या रचनेत कर शून्य. विवरणपत्र भरा, भाडं दाखवा, रात्री शांत झोपा.

आणि खर्च? ११ महिन्यांचा करार, २०,००० भाडं, ५०,००० अनामत धरली तर मुद्रांक शुल्क साडेपाचशेच्या आसपास, शहरात नोंदणी शुल्क १,०००. वर करून देणाऱ्याची फी. चार मुलांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला मेसच्या आठवड्याच्या खर्चाएवढीही रक्कम येत नाही, आणि मुलं ती आनंदाने देतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाद झाला तर, वेगळं सिद्ध होत नाही तोवर, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. तेव्हा करार न केल्याने तुमचीच बाजू लंगडी पडते.

घरी येऊन करार नोंदवतात तेव्हा अंगठ्याचा ठसा घेतात. वय झालं की रेषा पुसट होतात, मशीन ठसा घेतच नाही. मागच्या वर्षी एका आजींचा अंगठा काही केल्या लागेना. त्या रडकुंडीला आल्या. भाड्याने येणारी मुलगी हिंगोलीची होती. तिने स्वतःच्या ओढणीचं टोक ओलं केलं, आजींचा अंगठा पुसला, मग त्यांचं बोट आपल्या हाताने अलगद दाबून धरलं. ठसा लागला. आता ती मुलगी आजींच्या औषधांच्या वेळा सांभाळते आणि तिचं नाव आजींच्याच घराच्या पत्त्यावर मतदारयादीत आहे. आजींचा मुलगा परदेशात असतो. त्याला करार आधी नको होता. नंतर त्याने स्वतः फोन करून पुढच्या वर्षी मुदत वाढवायला सांगितलं.

‘गावाकडे यांचं मत आहेच की’ असंही म्हणतात. ज्याला गावचं मत ठेवायचं त्याने जरूर ठेवावं. कायद्याने एकाच ठिकाणी ठेवता येतं आणि कुठे ठेवायचं हे त्याने ठरवावं. पण जो चार-पाच वर्षं इथलं पाणी पितो, इथल्या पीएमपी बसने जातो आणि इथल्या खड्ड्यांत पडतो, त्याला इथल्या नगरसेवकाला जाब विचारावासा वाटला तर त्यात गैर काय? २०१७ च्या फेब्रुवारीनंतर महापालिकेची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक होता. २०१७ ला ज्याला १८ पूर्ण व्हायला चार महिने कमी पडले, त्याला महापालिकेसाठी पहिलं मत द्यायला २६ वर्षांचं व्हावं लागलं. त्यातही यादी १ जुलै २०२५ ची वापरली. त्यानंतर नाव नोंदवणारे राहून गेले. मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होतं. ज्यांची मतं गावाला होती अशी कितीतरी मुलं त्या दिवशी सणाहून परत येऊन अभ्यासिकेत बसली होती, आणि खाली रस्त्यावरून आपण मतदानाला जात होतो.

८५ वर्षांवरच्या मतदाराला लोकसभेला आणि विधानसभेला घरी बसून मत देता येतं. फार चांगली सोय आहे. माझ्या आजोबांनी तसं मत दिलं तेव्हा घरात सण असल्यासारखं वाटलं. परगावी राहणाऱ्यांसाठी निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस एक यंत्र पुढे आणलं होतं. एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं ते होतं. ते अजून वापरात आलेलं नाही. तोवर या मुलांकडे दोनच वाटा आहेत. एसटीने गावी जायचं, नाहीतर इथे नाव घालायचं. दुसरी वाट तुमच्या सहीवर अडली आहे.

तुमचे त्रास मला दिसत नाहीत असं समजू नका. रात्री बारानंतर गल्लीत गाड्यांचे आवाज, दारापुढे आडव्या लावलेल्या दुचाकी, जिन्यात सिगारेटची थोटकं. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० वर थांबली आहे. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच. या मागण्यांसाठी संघाने पत्र काढावं, मसुदा मी विनामोबदला लिहून देईन, आणि मला खात्री आहे की अभ्यासिकांमधली मुलंही त्याखाली सह्या करतील. आवाजाचं आणि गाड्यांचं तर करारातच लिहिता येतं. किती वाजता गेट बंद, गाडी कुठे लावायची, पाहुणे किती. लिहिलेलं असलं की बोलता येतं. भाच्याला कसं बोलणार?

ही पेठ मुलांना नवी नाही. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं तेव्हा मुलं याच गल्ल्यांतून माधुकरी मागून शिकली. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली आणि खेड्यांतल्या मुलांना राहायला छप्पर दिलं. त्या काळच्या पुणेकरांनी ज्यांना जेवू घातलं त्यांच्याकडून भाडंही घेतलं नव्हतं. आपण घेतो. निदान पावती तरी देऊ या.

माझी विनंती अशी. पुढच्या सभेत तो ठराव मागे घ्यावा. त्याच सभेत, जूनमध्ये नवी मुलं येतील तेव्हा आपले सभासद नोंदणीकृत करार करूनच घर देतील, असा ठराव घ्यावा. भाड्याने दिलेल्या घरावर पीटी-३ भरला असेल तर महापालिकेला स्वतःहून कळवावं. त्याचा हिशेब कसा बसेल ते मी सांगेन. जून आणि जुलैत दर शनिवारी दुपारी ४ ते ७ मी संघाच्या खोलीत बसायला तयार आहे, करार करून देण्याची माझी फी घेणार नाही. येताना दोघांचंही आधार आणि पॅन, घराचं वीजबिल, मिळकतकराची शेवटची पावती आणि दोन साक्षीदार आणा. करार हातात आला की मुलाचा नमुना ६ तिथेच मोबाइलवर भरून घेऊ. नाव नोंदवायला आता वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, त्यामुळे वर्षभर थांबायची गरज नाही.

खोलीची वेळ ठरली की सचिवांनी मला कळवावं.

आपली नम्र,
एक कर सल्लागार, नारायण पेठ, पुणे ३०